छप्पर नसलेला बुद्ध

जपानहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो फुजी पर्वताचा. ‘फुजी पाहिलात ना?’ दुसरा प्रश्न, जेवणाचे काय केलेत? आणि तिसरा, तिथे म्हणे सगळे घड्याळाच्या काट्यावर चालते, खरे का? माझी तिन्ही उत्तरे थोडक्यात आहेत. फुजी मी पाहिला, पण तीन मिनिटे. जेवणाचे हाल झाले नाहीत, कारण आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे आणि आम्हांला मासळी वर्ज्य नाही. राहता राहिले घड्याळ. गाड्या अगदी वेळेवर येतात. माणसांचे म्हणाल तर सहा वर्षे तिथे राहिलेली माझी सख्खी धाकटी बहीण विमानतळावर मला घ्यायला वीस मिनिटे उशिरा आली.

मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे मी तिच्याकडे योकोहामाला होते. जाताना आईने चिवडा, मेतकूट, कोकमे यांच्याबरोबर एक पाकीटही दिले होते. पाकिटात एका गृहस्थांचा फोटो आणि माहितीचा कागद होता. गृहस्थ बेचाळिशीचे, पुण्यातच स्वतःचे घर असलेले, पहिली पत्नी वारलेली. धाकटीचा काडीमोड होऊन आता बरीच वर्षे झाली. ‘तू मोठी आहेस, कॉलेजात शिकवतेस, तुझं ती ऐकेल,’ असे आईचे म्हणणे. मी शिकवते त्यातले मुले किती ऐकतात हे आईला ठाऊक नाही, म्हणून हा विश्वास! असो. हे सगळे धाकटीच्या परवानगीने लिहिते आहे. आईची परवानगी घेतलेली नाही; पण आई दिवाळी अंक शेवटच्या पानापासून वाचायला घेते, त्यामुळे हा लेख तिच्यापर्यंत पोचायला भाऊबीज उजाडेल.

पाकीट कधी काढावे याचा विचार करता करता पहिला आठवडा टोकियोच्या गर्दीत गेला. मग एका शनिवारी सकाळी धाकटी म्हणाली, ‘ताई, आज कामाकुराला जाऊ. चालायचं खूप आहे, ते तुझे नवे बूट काढून ठेव.’ समुद्रकाठचे शांत गाव, मोठा बुद्ध, देवळे. मनात म्हटले, बोलायला याहून बरी जागा मिळायची नाही. पर्समध्ये पाकीट आहे ना, हे एकदा चाचपून पाहिले आणि निघाले.

योकोहामाहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत कामाकुरा येते. टोकियोहून यायचे तर तासभर. तीन बाजूंनी दाट झाडीच्या टेकड्या आणि दक्षिणेला समुद्र अशी या गावाची बैठक आहे. टेकड्या उंच नाहीत, पण आत शिरायला पूर्वी डोंगर कापून केलेल्या अरुंद खिंडीच तेवढ्या होत्या. अशी सात प्रवेशद्वारे प्रसिद्ध आहेत. मिनामोतो योरितोमो या सरदाराने ११८० साली इथे ठाण मांडले ते या जागेचे मर्म ओळखून. सम्राट तिकडे क्योतोला नावापुरता राहिला आणि देशाचा कारभार या कोळ्यांच्या गावातून चालू लागला. छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था अधिक समजावून सांगायला नको. १३३३ साली राजधानी पडली, घराणी संपली, आणि कामाकुरा पुन्हा मासेमारीचे गाव झाले. देवळे तेवढी राहिली.

आम्ही मुख्य स्टेशनाच्या अलीकडे, किता-कामाकुरा म्हणजे उत्तर कामाकुराला उतरलो. स्टेशन कसले, झाडीत दडलेला एक लांबोडका फलाट. यासुजिरो ओझू या दिग्दर्शकाच्या १९४९ सालच्या एका गाजलेल्या चित्रपटाची सुरुवात याच फलाटावर होते. लग्नाचे वय उलटून चाललेली मुलगी आणि तिला उजवू पाहणारा बाप, अशी ती कथा. धाकटीने हे सांगितले तेव्हा मी उगाचच पर्सची चेन नीट लावली.

ओझूची समाधी तिथेच, एंगाकुजीच्या आवारात आहे. दगडावर नाव नाही; ‘नाही’ किंवा ‘शून्य’ या अर्थाचे एकच अक्षर कोरलेले आहे. १९६३ साली, आपल्या साठाव्या वाढदिवसाच्या दिवशीच, हा मनुष्य गेला. एंगाकुजी मात्र त्याच्या कितीतरी आधीचे, १२८२ सालचे. त्याच्या आधल्याच वर्षी मंगोलांच्या आरमाराची दुसरी स्वारी जपानने परतवली होती. तेव्हाचा सत्ताधीश होजो तोकिमुने याने हे देवालय उभारले ते त्या युद्धात पडलेल्यांसाठी. आपल्या आणि शत्रूच्याही. जिंकलेल्या लढाईनंतर मेलेल्या शत्रूसाठी प्रार्थनास्थळ बांधणे ही गोष्ट मला त्या भव्य लाकडी दरवाजापेक्षा मोठी वाटली.

रुळांच्या एका बाजूला नवऱ्याचे देऊळ, तर दुसऱ्या बाजूला बायकोचे. तोकिमुने १२८४ साली वारला, त्याची पत्नी काकुसान हिने संन्यास घेतला आणि १२८५ साली तोकेइजी हा भिक्षुणींचा मठ स्थापन केला. रस्त्यापासून दगडी पायऱ्यांची एक चढण आणि वर गवताने शाकारलेले लहानसे फाटक. इतके साधे, की माहीत नसेल तर माणूस पुढे निघून जाईल.

‘ताई, या पायऱ्यांवर थोडी थांब,’ धाकटी म्हणाली. ‘आता मी सांगते ते ऐक, आणि मग वर जाऊ.’

तिने सांगितले ते असे. जुन्या जपानात काडीमोड देण्याचा अधिकार नवऱ्याचा. त्याने साडेतीन ओळींचे एक पत्र लिहून दिले की झाले. बायकोला तसे पत्र लिहिता येत नसे. छळाला, व्यसनाला, मारहाणीला कंटाळलेली बाई मग घरातून पळे ती थेट या मठाकडे. टोकियो, म्हणजे त्या वेळचे एदो, इथून दोन दिवसांच्या पायी वाटेवर. नवरा किंवा त्याची माणसे मागावर असत. पायऱ्यांपर्यंत येऊन ती पकडली जाते की काय अशी वेळ आली, तर तिने आपली चप्पल किंवा केसातली फणी फाटकाच्या आत भिरकावावी. वस्तू आत पडली की ती आत आली असे धरत, आणि मग तिला कोणी हात लावायचा नाही.

आत गेल्यावर मठ दोन्ही घरच्या मंडळींना बोलावून घेई. पुष्कळ वेळा तिथेच समेट तरी होई, नाही तर नवरा मुकाट्याने पत्र लिहून देई. तो हटूनच बसला, तर बाईने मठात राहायचे; पूर्वी तीन वर्षे, पुढे दोन. मुदत भरली की ती मोकळी, आणि हवे तर दुसरे लग्न करायलाही मोकळी. एदो काळात सुमारे दोन हजार बायका या वाटेने सुटल्या असा अंदाज आहे. ओसाकाचा किल्ला १६१५ साली पडला तेव्हा त्या पराभूत घराण्याची एक लहान मुलगी वाचवून या मठात ठेवली होती. मठाचा हा अधिकार पुढेही अबाधित राहावा, एवढे एकच मागणे तिने विजेत्या तोकुगावाकडे मागितले, असे सांगतात. १८७० नंतरच्या काही वर्षांत नवे कायदे आले, बायकांना कोर्टात जाता येऊ लागले, आणि मठाचे ते काम संपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तोकेइजीत भिक्षुणीही राहिल्या नाहीत.

‘दोन वर्षं,’ धाकटी म्हणाली. ‘मला कोर्टात चार लागली.’

ती हसली, पण मला हसू आले नाही. त्या चार वर्षांत मी काय केले होते ते मला आठवले. दर तारखेच्या आदल्या दिवशी तिला फोन करून ‘अजून विचार कर’ म्हणत असे. आमच्या घरचे फाटक उघडे होते खरे. पण चप्पल टाकल्यावर आत आली असे आम्ही धरले होते का?

वर गेलो. छोटीशी बाग, ओल्या खडकावर चिकटून वाढलेली जांभळ्या फुलांची झाडे, मागे उंच सुरूसारख्या वृक्षांखाली शेवाळलेल्या समाध्या. पाश्चात्य जगाला झेन समजावून सांगणारे सुझुकी इथेच विसावले आहेत. भिक्षुणींच्या जुन्या समाध्यांसमोर कोणीतरी ताजी फुले ठेवली होती. आम्ही फारसे बोललो नाही. पाकीट पर्समध्येच होते.

दुपारी गावात आलो. कामाकुराच्या मध्यभागी त्सुरुगाओका हाचिमान हे योद्ध्यांच्या दैवताचे देऊळ, आणि तिथून समुद्रापर्यंत सरळ गेलेला रुंद रस्ता. रस्त्याच्या मधोमध दोन्ही अंगांना चेरीची झाडे लावलेली एक उंच पायवाट आहे. ती योरितोमोने ११८२ साली पत्नी मासाको गरोदर असताना तिचे बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून बांधवली. देवळाकडे ती हळूहळू अरुंद होत जाते, त्यामुळे आहे त्याहून लांब भासते. बायकोसाठी रस्ता बांधणारा नवरा म्हणून योरितोमोविषयी आपले मत चांगले होऊ लागते न लागते, तोच पुढची गोष्ट कानावर येते.

त्याचा धाकटा भाऊ योशित्सुने हा त्या काळचा सर्वांत लाडका वीर. लढाया त्याने जिंकल्या, आणि थोरल्याला त्याचाच संशय येऊ लागला. ११८५ साली विजयी होऊन परतलेल्या भावाला त्याने कामाकुराच्या वेशीबाहेर, कोशिगोए या गावी अडवले. धाकट्याने निष्ठेच्या आणाभाका घेत लिहिलेले पत्रही फुकट गेले. तो परागंदा झाला. त्याची प्रिया शिझुका ही नामांकित नर्तकी पकडून आणली गेली आणि ११८६ साली याच देवळात योरितोमोपुढे तिला नाचायला लावले. तिने गाणे म्हटले ते योशित्सुनेच्या विरहाचे! योरितोमो संतापला, मासाकोने मध्ये पडून तिला वाचवले. पण काही महिन्यांनी शिझुकाला मुलगा झाला तेव्हा मासाकोचेही काही चालले नाही. ते मूल कामाकुराच्या किनाऱ्यावर नेऊन मारले. ज्याने आपल्या मुलासाठी रस्ता बांधला, त्यानेच त्या रस्त्याच्या टोकाशी हे केले. दरवर्षी एप्रिलमध्ये देवळात शिझुकाच्या नृत्याचा सोहळा होतो. योरितोमोच्या नावाने कोण नाचते, हे मी विचारले नाही.

देवळाच्या ६१ दगडी पायऱ्या आहेत. त्यांच्या डाव्या बाजूला एक गिंको वृक्ष होता. हजार वर्षांचा म्हणत. योरितोमोचा मुलगा, तिसरा शोगुन सानेतोमो, मनाने कवी होता. १२१९ च्या हिवाळ्यात बर्फ पडलेल्या रात्री दर्शन घेऊन उतरताना त्याचा पुतण्याच त्याच्यावर तुटून पडला. या झाडाआड तो लपला होता अशी आख्यायिका आहे. हे झाड १० मार्च २०१० च्या पहाटे वाऱ्याने उन्मळून पडले. लोक येऊन रडले म्हणतात. पण खोडाचा तुकडा शेजारी लावला, आणि जुन्या बुंध्यातूनही धुमारे फुटले. आता तिथे हिरव्यागार पानांचा चांगला माणसापेक्षा उंच झुपका आहे.

देवळामागची टेकडी हिरवी राहिली तीही आपोआप नव्हे. १९६४ साली तिथे घरे बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा कादंबरीकार ओसारागी जिरो यांच्यासारखी मंडळी गावकऱ्यांबरोबर उभी राहिली. वर्गणी काढून जमीनच विकत घेतली. १९६६ साली जुन्या राजधान्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, त्यामागे हे प्रकरण होते. टेकड्यांसाठी सभा भरवणाऱ्या पुणेकरांनी यातील वर्गणीचा भाग विशेष लक्षात घ्यावा.

दुसरा दिवस बुद्धाचा. कामाकुराहून एनोदेन नावाची एक छोटी विजेची गाडी समुद्राच्या कडेकडेने फुजिसावापर्यंत जाते; उणीपुरी दहा किलोमीटर, पंधरा स्टेशने. १९०२ साली तिचा पहिला टप्पा सुरू झाला. घरांच्या परसांतून ती इतकी खेटून जाते की वाळत घातलेले कपडे हाताला लागतील. एके ठिकाणी तर चक्क रस्त्यातून मोटारींच्या बरोबर चालते. आपल्याला ही गाडी लगेच घरची वाटते. हासे स्टेशनवर उतरून दहा मिनिटे चालले की कोतोकुइन.

हा बुद्ध गौतम नव्हे, अमिताभ. जपानी त्याला अमिदा म्हणतात. १२५२ साली त्याचे काम सुरू झाले. त्याआधी इथे लाकडाची मूर्ती होती, तीही लोकांकडून पैपैसा गोळा करून केलेली. आताची मूर्ती काशाची, ११.३१ मीटर उंच, १२१ टन वजनाची. आकडे ऐकून मी काहीतरी छाती दडपवणारे पाहायच्या तयारीने गेले होते. तसे काही होत नाही. खांदे किंचित पुढे झुकलेले, मान जराशी खाली, डोळे अर्धे मिटलेले. समोर उभे राहिल्यावर वाटते की आपले बोलणे ऐकायला कोणीतरी वाकले आहे. अंगावर एके काळी सोन्याचा मुलामा होता, त्याच्या खुणा कानापाशी राहिल्या आहेत.

आणि डोक्यावर छप्पर नाही. पूर्वी मोठे मंदिर होते. ते १३३४ च्या वादळात पडले, पुन्हा उभारले, १३६९ च्या वादळात पुन्हा मोडले. शेवटी १४९८ साली भूकंपानंतरच्या लाटेने उरलेसुरले धुऊन नेले असे परंपरा सांगते. त्यानंतर पुन्हा बांधायच्या भानगडीत कोणी पडले नाही. पाचशे वर्षांचा पाऊस, बर्फ आणि खारा वारा अंगावर घेऊन मूर्ती हिरवट झाली आहे. १९२३ च्या महाभूकंपात कामाकुरा उद्ध्वस्त झाले, बुद्धाचे जोते खचले, पण तो बसलेला राहिला. १९६०-६१ मध्ये मानेला आतून बळकटी दिली आणि पुढच्या भूकंपात हिसका कमी बसावा अशी तळाशी योजना केली.

थोडे पैसे देऊन मूर्तीच्या पोटात शिरता येते. आत अंधार, उन्हाने तापलेल्या भांड्यासारखी ऊब, आणि थरावर थर ओतून जोडल्याच्या खुणा. बाहेरून जे इतके शांत दिसते, ते आतून सगळे सांधेच सांधे आहेत.

आवारात एक शिलालेख आहे, तो सिलोनच्या जयवर्धने यांच्या गौरवार्थ १९९१ साली बसवलेला. १९५१ च्या सान फ्रान्सिस्को परिषदेत त्यांनी बुद्धवचनाचा आधार देऊन जपानकडून युद्धाची भरपाई घ्यायला नकार दिला होता. भारत त्या परिषदेला गेला नव्हता. आपण १९५२ साली वेगळा तह केला आणि भरपाई आपणही सोडली.

पण मी तिथे खिळले ते दुसऱ्याच वस्तूपाशी. बाजूच्या ओसरीच्या भिंतीवर गवताच्या चपलांचा एक प्रचंड जोड टांगला आहे, पुरुषभर लांबीचा. युद्धानंतर, १९५१ साली, इबाराकी भागातल्या मुलांनी तो प्रथम करून पाठवला. बुद्धाने या चपला घालाव्यात आणि पोळलेल्या देशभर फिरून लोकांचे दुःख हलके करावे, म्हणून. पुढे दर काही वर्षांनी नवा जोड येत राहिला.

मी धाकटीकडे पाहिले. ती म्हणाली, ‘मी एकटी इथे पुष्कळदा येते. पहिल्या वर्षी तर दर रविवारी यायची.’ पहिल्या वर्षी दर रविवारी आम्ही तिला फोन करत होतो. ती घरी नसे, आणि आम्ही रागवत असू.

हासेच्या टेकडीवरच्या देवळातली अकरा मुखांची कान्नोन ९.१८ मीटर उंच आहे. एका कापूरवृक्षाच्या दोन मूर्ती केल्या, एक नारा भागात ठेवली, दुसरी समुद्रात सोडली, ती तरंगत इकडच्या किनाऱ्याला लागली, अशी तिची कथा. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. बोरिवलीजवळच्या कान्हेरीला ४१ क्रमांकाच्या लेण्यात असाच अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तीनदा कान्हेरीला गेले आहे आणि तिन्ही वेळा डबे कुठे उघडायचे या विवंचनेत त्याच्याकडे पाहायचे राहिले. वाटेत एका स्मशानभूमीत थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या दिसल्या. त्यांवर चक्क आपल्या लिपीच्या बहिणी शोभतील अशी अक्षरे! ती सिद्धम् लिपी. भारतातून चीनमार्गे गेलेली. त्या पट्टीला ते ‘सोतोबा’ म्हणतात, म्हणजे आपला स्तूप. मराठीची शिक्षिका परक्या देशातल्या स्मशानात अक्षर लावत उभी राहिलेली पाहून एका आजीबाईंनी मला वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी एनोशिमाला गेलो. वाटेत एका फाटकापाशी तरुणांची ही झुंबड. ‘स्लॅम डंक’ नावाच्या कार्टून मालिकेत ते दाखवले आहे म्हणे. एनोशिमा हे पुलाने जोडलेले बेट, आणि तिथली देवी बेंझाइतेन, म्हणजे सरस्वती. वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा आली आहे. कामाकुरात तिचेच आणखी एक स्थान आहे, तिथल्या झऱ्यात पैसे धुतले की ते वाढतात. सरस्वती आणि पैसा हे दोन शब्द आमच्या प्राध्यापकी जन्मात एका वाक्यात प्रथमच आले!

पायथ्याच्या खाणावळीत जवळ्याएवढे बारीक शिरासू मासे घातलेला भात खाल्ला. कामाकुराची प्रसिद्ध कबुतराच्या आकाराची बिस्किटे धाकटीने घेतली होती. पुलावर मी एक तोंडाकडे नेले, तो मागून एका घारीने अशी झडप घातली की बिस्किट गेले आणि बोटाला ओरखडा तेवढा राहिला. घारींपासून सावध राहा, अशी पाटी आम्ही टेकून उभ्या होतो त्या कठड्यावरच होती.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा. तिकडे साडेतीन वाजले असणार, दुपारच्या चहाची वेळ.

‘दाखवलंस का गं तिला?’

धाकटी दोन हातांवर उभी होती. तिने मान वळवून पाहिले. पाकिटाचे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हे मला तेव्हा कळले. माझी पर्स उचलून ठेवताना ते तिने पाहिले होते.

‘नाही दाखवलं,’ मी म्हटले. ‘आणि दाखवणारही नाही, आई. तिला वाटलं तर ती आपण होऊन सांगेल.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग आईने विचारले, ‘जेवलात का दोघी?’

मे महिन्यात आभाळ धुरकट असते, फुजी सहसा दिसत नाही. पण फोन ठेवला तेव्हा पश्चिमेला ढग जरा फाटले होते आणि मावळतीच्या उजेडात एक निळी त्रिकोणी सावली उभी होती. धाकटीने माझा दंड धरून मला तिकडे वळवले. घारीच्या भीतीने बिस्किटांची पिशवी पोटाशी धरून आम्ही दोघी ती पाहत राहिलो, ढग मिटेपर्यंत.